मंत्रीसाहेब, माझी मुलगी 'तो' कधीपासून झाली?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

साहेब, सप्रेम नमस्कार. तुमच्या मागे कामं खूप असतील, वेळ घेतोय त्याबद्दल माफी असावी. 1 मेला मुलीचं प्रगतीपुस्तक घेऊन आलो तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

मुलगी सातवीत होती. मराठीत संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला 60 पैकी 53, आकारिकला, म्हणजे वर्गात चालणाऱ्या कामाला 40 पैकी 26, बेरीज 79, म्हणजे ब-1. अ-2 श्रेणी 81 पासून, ती दोन मार्कांनी हुकली. का, तर तोंडी कामाला 10 पैकी 2. सरांना विचारलं तर म्हणे वर्गात बोलतच नाही हो ती. बरं, मान्य. पण पान उलटलं तर मागे वर्णनात्मक नोंद काय, "तो गटचर्चेत उत्साहाने सहभागी होतो." तो! अहो माझी मुलगी आहे ती. आणि उत्साहाने सहभागी होतो तर 2 मार्क कसे, आणि 2 मार्क खरे असतील तर उत्साह कुठून आला? गेटवर दुसऱ्या एका पालकांचं पुस्तक बघितलं, तीच ओळ, त्यांचा निदान मुलगा तरी होता. मोबाईलवर नोंदींची पीडीएफ फिरते म्हणतात, वरून खाली उतरवायची, झालं मूल्यमापन.

आता ती का बोलत नाही ते पण ऐका. आम्ही मूळ धुळ्याकडचे, नाशकात मी गाडी चालवतो, घरात अहिराणीच. पाचवीत एकदा सरांनी वही विचारली तर ही पटकन बोलून गेली, "सर, मनी वही आठेच शे." म्हणजे माझी वही इथंच आहे. अख्खा वर्ग हसला, सर पण हसले. त्यानंतर हिचा हात वर गेलेला नाही. हीच पोरगी घरी दाराच्या मागच्या बाजूला खडूने भाकरी काढते, तिचे चार भाग करते आणि धाकट्याला अपूर्णांक शिकवते, असा आवाज लावते की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. त्या आवाजाला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

20 ऑगस्ट 2010 च्या जीआरने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशी साधनं दिली, कागदावर वाचलं तर खरंच चांगलं आहे, मी वाचलंय. पण आमच्या वर्गात 58 पोरं आणि तास 35 मिनिटांचा, म्हणजे सरांनी दुसरं काहीच केलं नाही तरी एका पोराला 36 सेकंद. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. तर निरीक्षण कोणाचं होणार? पुढच्या दोन बाकांवरून "सर मी, सर मी" करणाऱ्यांचं. मार्क सहभागाचे नाहीतच साहेब, ज्याला विचारलं त्याचे आहेत. वर्षभरात हिला किती वेळा प्रश्न विचारला, याची नोंद कुठंय?

आणि सरांवर तरी किती चिडू, निवडणुकीची ड्युटी त्यांनाच, खिचडीचा हिशोब त्यांनाच, ऑनलाइन माहिती भरायची त्यांनीच, सर्व्हर डाऊन तरी शिव्या त्यांनाच.

तोंडी मार्कांचं खरं रूप तर तुमच्याच खात्याने दाखवलंय. 2019 ला दहावीच्या भाषेचे तोंडीचे 20 मार्क काढले, निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला, पुढच्या वर्षी परत दिले तर 95.30. सिलॅबस नवा होता वगैरे सगळं धरलं तरी एवढी उडी? म्हणजे दहावीला निकाल फुगवायचा तेव्हा तोंडी मार्क पसाभर, आणि माझ्या पोरीला मोजून 2.

तुम्हाला सभागृहात सहभागाचे मार्क द्यायचे ठरवले तर कसे द्यायचे साहेब? हौद्यात उतरून ओरडणाऱ्याला अ-1 आणि शांतपणे लेखी प्रश्न देणाऱ्याला इ-2?

आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं समग्र प्रगतीपुस्तक येणार म्हणे, त्यात मूल स्वतःबद्दल लिहिणार, वर्गमित्र लिहिणार. येऊ द्या, त्याची पण पीडीएफ येईल. त्यापेक्षा साधं करा, नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि निघेल त्याला विचारा, उत्तर द्यायच्या आधी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलू द्या, घरच्या भाषेत बोललं तर मार्क कापू नका, आणि तोंडीचे मार्क लावायच्या आधी एकदा पोराला दाखवा. यातल्या कशाला बजेट लागतं? चिठ्ठ्यांचा डबा मी देतो.

आपला,
एक पालक, नाशिक

ता.क. शाळेचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. पोरीला आठवी तिथंच काढायचीय.