‘वयामुळे’ म्हणण्याआधी ‘कधीपासून’ विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वैशाखात एका रात्री दोन वाजता माझी आई उठून पिशवी भरू लागली. “पाचची एसटी चुकेल, तुझ्या बाबांना उठव,” म्हणाली. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. आदल्या आठवड्यापर्यंत हीच आई वाण्याचा हिशेब तोंडी सांगत होती. शेजारी म्हणाले, म्हातारचळ. एका नातेवाइकांनी ‘बाहेरचे बघून घ्या’ असे सुचवले. दवाखान्यात बीपी पाहून ‘अठ्ठ्याहत्तर म्हणजे चालायचेच’ एवढे ऐकवले गेले आणि झोपेची गोळी मिळाली. त्यानंतर दोन दिवस ती आणखी बरळली, मग ग्लानीत गेली.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, “हे कधीपासून?” आणि मग म्हणाले, “घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या.” पिशवीत बीपीसाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी होती, मेडिकलमधून आणलेली सर्दीची पाकिटे होती. बीपी आहे म्हणून आम्ही तिचे मीठ जवळपास बंद केले होते आणि उन्हाळा म्हणून साधे पाणी मात्र आग्रहाने पाजत होतो. मिठातून मिळणारे सोडियम रक्तात १३५ ते १४५ असायला हवे, तिचे ११८ निघाले. ते घाईने वाढवले तर मेंदूलाच इजा होते, म्हणून रुग्णालयात दिवसाला थोडे थोडे करून वर आणले. चौथ्या दिवशी तिने नर्सला विचारले, “माझ्या कुड्या कोणी काढल्या?” आणि हातात आल्यावर त्यांचे मोती मोजून घेतले.

तेव्हापासून मी ज्याला त्याला हे सांगते आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. परवा ठीक असलेले माणूस आज भ्रमिष्टासारखे वागते, सकाळी बरे आणि दिवेलागणीला बिघडते, तो बहुतेक वेळा डेलिरियम असतो आणि त्याचे मूळ शरीरात दुसरीकडेच सापडते. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कित्येक दिवस न झालेले शौच. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही ताप येईलच असे नाही. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले की साखर उतरते. न्हाणीघरात डोके आपटल्याचे तीन आठवड्यांनी घरात कोणाला आठवत नाही, पण कवटीच्या आत रक्त साकळत राहिलेले असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही या वयात भ्रम होतो. आणि विस्मरण सावकाश वाढत असले तरी बी-बारा जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासल्याशिवाय त्यावर वयाचा शिक्का मारू नये. शाकाहारी घरात, किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-बारा हमखास बघावे.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती गप्प पडणाऱ्यांची. आरडाओरडा करणाऱ्या आजोबांना निदान डॉक्टरकडे तरी नेतात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, घास तोंडात तसाच ठेवणाऱ्या आजींना ‘आता शांत झाल्या’ म्हणतात. तोही डेलिरियमच असू शकतो.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने २०१०-११ मध्ये सुरू केला. माझी मागणी छोटी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून प्रत्येक ओपीडीत साठीपुढच्या रुग्णाच्या केसपेपरवर दोन ओळी छापाव्यात: वागण्यात अचानक बदल झाला का, झाला तर कधीपासून; आणि चालू असलेली सर्व औषधे, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. पहिल्या दवाखान्यात आम्हाला हे कोणी विचारले नाही, आणि सांगायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

आपली,
एक वाचक, सातारा