दोन रेषा दिसल्या, पुढं काय?

संपादक महोदय,

एचआयव्हीची तपासणी घरच्या घरी करता यावी म्हणून परदेशात समलिंगी पुरुषांसाठी मोबाईल ॲप निघाली आहेत. किट मागवायचं, तपासणी कशी करायची ते फोनवर बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच अशा तपासणीची शिफारस केली. सोलापुरातही हे यावं, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः समलिंगी आहे, अक्कलकोट रोडवर एका चादर कारखान्यात हिशेब बघतो. ओळखीची पोरं तपासणीला जाताना मला सोबत बोलावतात. सिव्हिलच्या गेटपर्यंत भरभरून बोलणारा मुलगा आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची पाटी दिसली की गप्प होतो. रांगेत गल्लीतलं कुणी भेटलं तर?

पण इथं मोबाईल एकट्याचा नसतो. यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीत भाचा त्यावर गेम खेळत असतो, आई भजनं लावते. तेवढ्यात ‘तुमची एचआयव्ही तपासणी बाकी आहे’ असा मेसेज वर आला, तर त्या मुलाचं घरात काय होईल? ॲपचं नाव आणि मेसेज बघून कुणाला काही कळता कामा नये, उघडायला वेगळा पिन हवा. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं आम्हाला गुप्ततेचा हक्क दिलाय.

सूचना मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही द्या. किटमधली तपासणीची पट्टी हिरडीवरून फिरवायच्या आधी तोंडात काही नको, हे सांगताना मावा आणि तंबाखूचं नाव घ्या, नाहीतर ते कुणी धरणारच नाही. लागण झाली तरी तपासणीत दिसायला ३ महिन्यांपर्यंत लागू शकतात, हेही ठळक हवं. आणि जोखमीचा संबंध ७२ तासांच्या आतला असेल, तर किटची वाट न बघता लागण टाळणाऱ्या पीईपीच्या गोळ्यांसाठी दवाखाना गाठायला सांगा.

माझी खरी काळजी पुढची आहे. सगळे झोपल्यावर मोरीत उभं राहून किटवर दोन रेषा, म्हणजे लागण असू शकते अशी खूण, बघणाऱ्या पोराला ‘जवळच्या केंद्राशी संपर्क साधा’ एवढंच सांगून भागत नाही. हे पक्कं निदान नाही, आयसीटीसीत पुन्हा तपासतात. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. ती नियमित घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. हे त्याला त्याच क्षणी, माणसाच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे. सकाळी कुठल्या खोलीत जायचं, तेही. सोबतीला कुणी हवं असेल तर आमच्यासारखे आहेत.

जिल्हा एड्स नियंत्रण पथकानं असं काही हाती घेतलं, तर पहिल्या बैठकीलाच आम्हाला बोलवावं.

– एक वाचक, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)