स्टर्नड्राइव्हचा गिअर अडतोय? आयडल वाढवू नका, आधी केबल पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यातली प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडांवरची बंदी 31 ऑगस्टला संपते. शाकारून, ओढून ठेवलेल्या स्पीडबोटी आता पुन्हा पाण्यात उतरतील. त्यांपैकी ज्यांचे इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला आणि पंख्याचा पाय (म्हणजे ड्राइव्ह) ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, बाहेर असतो, त्या स्टर्नड्राइव्हच्या बोटींना हंगामाच्या तोंडावर एक दुखणे हमखास जडते. गिअरचा लिव्हर जड होतो, किंवा धक्क्याला लागताना न्यूट्रल करायला जावे तर इंजिनच बंद पडते. यावर सर्रास दोन उपाय होतात. एक, आयडलचा, म्हणजे इंजिनच्या किमान वेगाचा, स्क्रू पिळून आरपीएम वाढवायचे. दुसरा, गिअरजवळच्या छोट्या स्विचची वायर काढून टाकायची. दोन्हींमुळे त्या दिवसापुरते काम भागते आणि पुढे क्लच जातो. क्लच धक्क्याजवळ, माणसे चढत-उतरत असताना दगा देतो, म्हणून हे पत्र.

हा दोष सर्वाधिक दिसतो तो मर्क्रूझर अल्फा वन ड्राइव्हमध्ये. त्याचा क्लच खालच्या हाउसिंगमध्ये, पंख्याच्या शाफ्टवर असतो आणि तो दात्यांचा, म्हणजे डॉग क्लच असतो. दाते एकमेकांत अडकले की गिअर पडतो. इंजिनचा जोर चालू असेपर्यंत ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, सहजी सुटत नाहीत. ते सुटावेत म्हणून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटवर, म्हणजे गिअरच्या केबल जिथे जोडलेल्या असतात त्या पट्टीवर, एक स्विच दिलेला असतो. लिव्हर ओढताना जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्विचचा रोलर इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून वर येतो आणि क्षणभर इग्निशन तुटते. तेवढ्या क्षणात दात्यांवरचा भार उतरतो, ते सुटतात, रोलर खाचेत परत बसतो आणि इंजिन चालूच राहते. सगळे नीट असेल तर चालवणाऱ्याला फक्त एक हलका गचका जाणवतो.

आता बिघाड बघा. शिफ्ट प्लेटपासून ट्रान्सममधून बाहेर, बेल हाउसिंगपर्यंत (ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या घरापर्यंत) एक केबल जाते. तिला लोअर शिफ्ट केबल म्हणतात. बाहेरच्या टोकाला ती पाण्यात असते आणि ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळला, वर-खाली झाला की तीही वाकते. वरचे आवरण वाकाच्या जागी केसभर तडकले तरी खारे पाणी आत शिरते. बोट तीन महिने उभी राहिली की आतली तार गंजते, फुगते आणि आवरणाला धरते. अशी केबल बाहेर काढली तर तारेवर तांबूस चिकट थर दिसतो आणि ती हाताने ढकलत नाही. चालवणाऱ्याचा निम्मा जोर मग या केबललाच हलवण्यात जातो. शिफ्ट प्लेटला वाटते की क्लच अडकला आहे, रोलर वर येतो आणि वरच राहतो. इग्निशन तुटलेलीच राहते, इंजिन बंद पडते. म्हणजे स्विच आपले काम चोख करत असतो. दोष केबलचा, आणि शिक्षा मात्र स्विचला होते.

स्विचची वायर काढून, टोकाला टेप लावून एकदा पाहणे ही निदानाची पद्धत म्हणून ठीक आहे. इंजिन बंद पडणे थांबले पण लिव्हर जडच राहिला, तर केबल दोषी. पण ती वायर तशीच सोडून बोट हंगामभर चालवली, तर प्रत्येक वेळी दाते भाराखाली ओरबाडून सोडवले जातात आणि त्यांच्या कडा गोल होतात. गोल कडांचा क्लच आधी जास्त थ्रॉटलला ‘खट्, खट्’ करत गिअरमधून उडतो, नंतर धरेनासाच होतो. वाढवलेल्या आयडलचेही तेच. या इंजिनांचा आयडल गिअरमध्ये साधारण 650 ते 700 आरपीएमच्या आसपास असतो, नेमका आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. 900-1000 वर गिअर टाकला की दाते एकमेकांवर आपटतात. बोट जपावी म्हणून हळूहळू, दबकत गिअर टाकणारेही क्लचचे नुकसानच करतात. डॉग क्लचला गिअर एका झटक्यात, ठामपणे टाकावा लागतो. दबकत टाकला की दाते अर्धवट भिडून घासत राहतात.

केबल तपासायला खास उपकरणे लागत नाहीत. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. शिफ्ट प्लेटवर दोन केबल येतात. एक चालवणाऱ्याच्या लिव्हरकडून येणारी रिमोट केबल, दुसरी ड्राइव्हकडची लोअर केबल. दोन्हींच्या पिना आणि नट काढून त्या प्लेटपासून मोकळ्या कराव्यात. आधी पुढचा लिव्हर हलवून पाहावा. एवढ्यावरही तो जड असेल, तर दोष रिमोट केबलमध्ये किंवा कंट्रोल बॉक्समध्ये. तो हलका असेल तर लोअर केबल हाताने आत-बाहेर करावी आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने मागे पंखा हळूहळू फिरवत राहावा. इंजिन बंद असताना पंखा न फिरवता केबल जोराने ढकलू नये, कारण दाते समोरासमोर आलेले असतील तर केबल वाकते. चांगली केबल एका हाताने सरकते. ड्राइव्ह सरळ असताना सरकते आणि एका बाजूला पूर्ण वळवल्यावर अडते, तर ती कुठेतरी मुडपली आहे. दोन्ही केबल सहज सरकत असूनही गिअर पडत नसेल तर ड्राइव्ह उतरवून शिफ्ट शाफ्ट आणि बेल हाउसिंगमधली जोडणी बघावी लागते. तिथे केबलच्या टोकाला धरणारे छोटे स्क्रू सैल झाले तरी लिव्हर पूर्ण फिरतो आणि गिअर मात्र पडत नाही.

गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडून भागत नाही. चार दिवस ती सरकते, मग पुन्हा धरते. ती बदलावीच, आणि बदलताना मूळ प्रतीचीच घ्यावी. ही केबल ओढते तशी ढकलतेही. बाजारात बनवून घेतलेल्या मऊ तारेच्या केबलला ओढता येते, पण ढकलताना तार आतल्या आत वाकते आणि एका दिशेचा गिअर अर्धवट पडतो. केबलवरचा रबरी बेलोजही (घडीची नळी) त्याच वेळी नवा घालावा. तो फाटला तर पाणी केबलपुरते थांबत नाही, ट्रान्सममधून थेट बोटीच्या तळात येते. धक्क्याला बांधलेली बोट अशा फाटक्या बेलोजमुळे रात्रीत बुडू शकते. केबल बदलताना ड्राइव्ह उतरलेलाच असतो, तेव्हा इंजिनचा जोर ड्राइव्हकडे नेणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचा मोठा बेलोज तपासावा आणि त्या शाफ्टचे गिंबल बेअरिंगही हाताने फिरवून पाहावे.

जोडणीतही एक चूक वारंवार होते. अल्फा ड्राइव्ह उतरवताना आणि परत बसवताना तो फॉरवर्ड गिअरमध्ये असला पाहिजे. याच कंपनीचा ब्राव्हो ड्राइव्ह मात्र न्यूट्रलमध्ये. अल्फा न्यूट्रलमध्ये ठोकून बसवला तर शिफ्टची आतली जोडणी नीट भिडत नाही आणि नवी केबल पहिल्याच दिवशी वाकते. नंतर लोअर केबलचा बॅरल, म्हणजे लांबी जुळवण्याचा आट्यांचा तुकडा, असा फिरवावा की बॅरलच्या मध्यापासून केबलच्या टोकाच्या छिद्राच्या मध्यापर्यंत 6 इंच, म्हणजे 152 मिलिमीटर अंतर येईल. लिव्हर फॉरवर्डला नेताना पंखा त्या दिशेने फिरवून दाते पूर्ण अडकल्याची खात्री करावी आणि मगच रिमोट केबलची ढिलाई काढावी. शेवटी रिव्हर्सही तसाच तपासावा. फॉरवर्ड छान आणि रिव्हर्स अर्धवट, ही तक्रार बहुतेक वेळा याच मापातल्या चुकीची असते.

ब्राव्हो आणि व्होल्वो पेंटाच्या ड्राइव्हमध्ये क्लच वरच्या हाउसिंगमध्ये आणि शंकूच्या आकाराचा असतो. तिथे केबलचा पूर्ण प्रवास महत्त्वाचा. तो कमी पडला की क्लच घसरतो आणि शंकू घासून गुळगुळीत होतो.

गिअर ऑइल तर पाहावेच. दुधासारखे पांढरे झाले असेल तर पाणी शिरले आहे, खालच्या चुंबकी प्लगवर धातूचे तुकडे असतील तर दाते झिजत आहेत. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. जमिनीवर इंजिन चालवून गिअर पाहायचा झाल्यास पाण्याची नळी जोडल्याशिवाय चालू करू नये, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काही क्षणांत जळतो. आणि त्या वेळी पंख्याजवळ कोणी उभे राहू नये.

महाराष्ट्र सागरी मंडळाने हंगामापूर्वीच्या तपासणीत एवढी एक चाचणी घ्यावी, ही विनंती. बोट धक्क्याला बांधून, गरम इंजिनावर फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असे सलग अनेक वेळा करून दाखवायचे. इंजिन बंद पडू नये, न्यूट्रलला दोरावर ताण राहू नये आणि शिफ्ट प्लेटचे झाकण उघडून स्विचची वायर जागेवर आहे हे डोळ्यांनी पाहावे. वायर काढलेली आढळली तर केबल बदलेपर्यंत त्या बोटीत प्रवासी घेऊ देऊ नयेत.

आपला,
एक मरीन इंजिन मेकॅनिक,
अलिबाग