पुस्तक नाही म्हणून ते वाचन नाही का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत खेड्यातलं वाचन संपत चाललं असा लेख आला होता, वाचनालयात पुस्तकं धूळ खात पडली, पोरं मोबाईलमध्ये आणि बाया सिरीयलमध्ये वगैरे. लेख मन लावून वाचला, दोन दिवस डोक्यातून गेला नाही म्हणून लिहायला बसले. लिहिणाऱ्यांनी पुस्तकं मोजली आणि पुस्तकं कमी दिसली म्हणून वाचन संपलं असं ठरवून टाकलं, हे मला मान्य नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरचं चार एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. तीन वर्ष झाले, वेचणीच्या दिवसात आम्ही सात-आठ बाया दुपारी डबे सोडले की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली अर्धा तास काहीतरी वाचतो, म्हणजे एक जण वाचते आणि बाकीच्या ऐकतात, कारण दोघींना वाचता येत नाही आणि एकीचा चष्मा फुटला तो फुटलाच. पुस्तक नाही वाचत. पुस्तकाला दोनशे-तीनशे रुपये लागतात आणि चार दिवस खंड पडला की मागचं विसरून जातं. आम्ही वाचतो ते चार पानाचं, सहा पानाचं, झेरॉक्स काढून आणलेलं नाहीतर मोबाईलवरचं, जुना निबंध, भाषण, पत्रक, मासिकातला लेख. विषय म्हणाल तर भांडवलशाही, बाईचं काम, इंग्रजांनी आपल्या वऱ्हाडाचं काय केलं हे. डावं, जहाल म्हणतात तसलं, आणि आम्ही ते समजून उमजून वाचतो.

पहिल्या वर्षी एक लेख आणला होता त्यात वसाहतवाद हा शब्द दहादा होता. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी विचारलं, वसाहत म्हणजे ते यवतमाळात प्लॉट पाडतात ते का? मला पटकन सांगता येईना. मग हातातल्या बोंडाकडे बघून सांगितलं की मावशी, हे बोंड इथून स्वस्तात न्यायचं, त्याचं कापड दूर कुठेतरी विणायचं, आणि तेच कापड आपल्यालाच विकायचं, आणि हे सगळं करता यावं म्हणून आपला मुलूखच ताब्यात ठेवायचा. मावशी म्हणल्या, मंग असं सांग न.

१८५३ साल घ्या. त्या साली मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, कर्ज आणि फौजेचा खर्च हे कारण दाखवून. त्याच्या महिनाभर आधी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली होती. आणि त्याच उन्हाळ्यात कार्ल मार्क्स लंडनमध्ये बसून न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात हिंदुस्थानावर लेख लिहीत होता, त्यात त्यानं साफ लिहिलं की इंग्रज गिरणीवाले इथे रेल्वे टाकणार ते फक्त कापूस आणि बाकी कच्चा माल कमी खर्चात बाहेर न्यायला. वर्तमानपत्रातला लेख होता तो, जाडजूड ग्रंथ नव्हता. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, युद्ध संपलं तसे धाडकन खाली आले. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा नेला तो कशासाठी हे आता वेगळं सांगायला नको. आमची शकुंतलाही त्यातलीच, यवतमाळवरून दारव्हा-कारंजा करत मूर्तिजापूरला जायची ती छोटी गाडी, कापसाच्याच जिवावर टाकलेली, आणि देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाईन खाजगी कंपनीच्या मालकीचीच राहिली. माझ्या आजीनं त्या गाडीत लग्नाचं वऱ्हाड नेलं होतं. त्या गाडीबद्दल सगळ्यांना माया आहे, मलाही आहे, पण ती कोणासाठी टाकली होती हे आम्हाला सहा पानाच्या झेरॉक्सनं सांगितलं, शाळेत कधी कोणी सांगितलं नाही.

मार्क्सचं सगळंच पटतं असं नाही. त्याच लेखांमध्ये तो असंही म्हणतो की इंग्रजांनी जुनं मोडलं तसं नकळत नव्याची पायाभरणीही केली. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली, हे बघितल्यावर मला ते वाक्य गिळवत नाही. पण हे भांडण करता आलं तेही वाचलं म्हणूनच.

आता बाईचं. लोकांना वाटतं स्त्रीवाद म्हणजे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या बायांचं खूळ. तर ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. पुणे वैभव पत्रात विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेच्या खटल्यावरून बायकांना नावं ठेवणारा मजकूर आला, तो वाचून त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी १८८२ मध्ये स्त्री-पुरुष तुलना छापून काढली, पाचशे प्रती, छोटंसं चोपडं. बायकांच्या माथी जे दोष मारता ते पुरुषात नाहीत का, हाच सवाल. त्यातली दोन पानं आम्ही धुऱ्यावर वाचली तेव्हा हसू आणि राग दोन्ही एकदम आले, एकशे चाळीस वर्षांपूर्वीची भाषा असूनही कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

आणि मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची पोरगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात याचा तुम्ही तुमच्या अनुभवावरून विचार करा, असं ती लिहिते. हे वाचलं त्या दिवशी आमच्यातली एक जण डबा तसाच ठेवून उठली आणि विहिरीकडे निघून गेली. तिचं पहिलं बाळंतपण ती ऊसतोडीला गेलेली असताना पालात झालं होतं, हे आम्हाला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. मला तर वाटतं की बाहेर देशातले भांडवलशाहीवरचे कितीतरी लेख वाचले पण त्यात जात येतच नाही, ती उणीव आपल्या इथल्या एका शाळकरी पोरीनं कधीच भरून ठेवली होती, आपण तिला वाचलं नाही इतकंच.

सगळ्यात जास्त वाद झाला तो घरकामाच्या पगारावर. इटलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या सिल्विया फेडेरिची यांचं १९७५ चं छोटं पत्रक आहे, त्यात म्हणणं असं की घरात बाई जे राबते त्याला माया म्हणून फुकटात काढतात, पण ते कामच आहे आणि त्या फुकट कामाच्या जिवावर कारखाना चालतो. मी जमेल तसं मराठीत सांगितलं. लगेच एकीनं विचारलं, मग लाडक्या बहिणीचे दीड हजार म्हणजे तेच का? दुसरी म्हणे नाही, ते सरकारनं खुशीनं दिलेले, पगार हक्कानं मागतात. तिसरी म्हणे पगार दिला तर उलट काम कायमचं आपल्याच गळ्यात, भांडे तूच घास तुला पैसे भेटतात न. या तिसरीचा मुद्दा मला अजूनही सोडवता आला नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाचे ९७, तेही जे पुरुष करतात त्यांचे. हा आकडा ऐकून मावशींनी विचारलं, ९७ मिनिटं करणारे कोणत्या गावचे?

तर साहेब, हे वाचन नाही का?

आमच्याकडे असे पन्नासेक लेख जमले होते, मी त्यांच्या फाईली करून, वरती नावं लिहून, तालुक्याच्या एका वाचनालयात दिल्या की बाकी गावच्या बायांनाही वाचायला मिळतील. चार महिन्यांनी गेले तर म्हणाले की याला नोंदवहीत नंबर पडत नाही, हे पुस्तक नाही, साफसफाईत रद्दीत गेलं. मी भांडले नाही, बाहेर येऊन बस स्टँडवर बसून रडले. त्या माणसाची एकट्याची चूक नाही हे नंतर कळलं. वाचनालयाचा अ ब क ड दर्जा ठरतो त्यात ग्रंथ किती ते बघतात, दर्जावर अनुदान ठरतं, मग पिना मारलेले कागद कोण सांभाळून ठेवील.

म्हणून माझी मागणी तुमच्याकडे आहे, वाचनालयाकडे नाही, कारण हे सगळं मुळात तुमच्याच घरचं आहे. मार्क्सचे ते लेख वर्तमानपत्रात आले, मुक्ताचा निबंध ज्ञानोदय मध्ये आला, ताराबाई पेटल्या त्या पेपरातल्या मजकुरानं, बाबासाहेबांनी १९२० मध्ये सुरुवात केली ती मूकनायक पाक्षिकानं. आठवड्यातून अर्धं पान द्या. त्यात असा एक जुना लेख किंवा भाषण, आमच्या भाषेत, म्हणजे वसाहतवाद लिहिलं तर पुढे बोंड कुठे गेलं तेही लिहा. नव्या लेखांना परवानगी लागेल, फार जुन्यांना ती अडचण नाही. पटत नसेल तर खाली विरोधातलं पत्र छापा, आम्ही तेही वाचू, धुऱ्यावर भांडणाला कोणी भीत नाही. आणि अक्षर जरा मोठं ठेवा.

पहिल्या आठवड्यात मुक्ताचा निबंध पूर्ण छापता आला तर बघा. आमची दुसरी वेचणी पुढच्या सोमवारपासून लागते, पेपर एसटीनं अकरापर्यंत गावात येतो, डबे आम्ही एकला सोडतो.

आपली वाचक,
एक शेतकरी बाई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ