आत्याची सही

पणजी, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला घेतलं असतं तर अर्ध्यावरच आवाज चढले असते, म्हणून लिहितोय. बाबा, आईलाही वाचून दाखवा. आत्या मागच्या दारी असताना वाचा.

गेलं वर्षभर मी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून खऱ्या आयुष्यांचीच पुस्तकं आणतोय. सुरुवात राजाराम पैंगीणकरांच्या आत्मचरित्रापासून झाली, ‘मी कोण?’. देवदासीच्या पोटी जन्मलेला हा माणूस, आपल्या समाजातल्या मुली देवाला वाहू नयेत म्हणून जन्मभर झटला. फोंड्याकडच्या देवळांचे चौक आपण किती वेळा पाहिले! दीपमाळा, पालखी, पेटलेले दिवे. तिथे गाणाऱ्या बायकांना लग्न नव्हतं, कुणा यजमानाची मर्जी हाच त्यांचा संसार, हे ऐकून मलाही ठाऊक होतं. वाचल्यावर मात्र मंगेशीच्या चौकात उभं राहणं मला जड गेलं.

मग डॉ. रखमाबाईंचं चरित्र आणलं. चवथीला येताना तेच पिशवीत होतं. आत्या हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होती. मला म्हणाली, वाच मोठ्यानं. मी वाचू लागलो. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण मुलगी सासरी गेली नाही. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने निकाल दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

आत्याने विचारलं, “तिच्या नावावर काय होतं रे?”

मी सांगितलं, बापाची मिळकत होती. विधवा आईने दुसरं लग्न केलं तेव्हा ती मुलीच्या नावावर झाली होती.

“म्हणून,” आत्या म्हणाली आणि पुढचं पान घेतलं.

त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही. बाबा, १९८९ साली आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वर्षश्राद्धाच्या आधी तुम्ही आणि आत्या डिचोलीला गेला होतात. येताना माझ्यासाठी खाजं आणलं होतं, ते मला आठवतं. आत्या त्या दिवशी आपला हक्क सोडून आली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आणि कळूनही काही वाटलं नाही, याची आता लाज वाटते. मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा कायदा गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून आहे. परराज्यातले मित्र आले की मी हे छाती फुगवून सांगतो. घरात मात्र एका सहीत तो वाटा गेला.

तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, हे मी जाणतो. पण लग्नानंतर दोन वर्षांत कुंकू पुसून परत आलेल्या बाईला ‘सही करत नाही’ म्हणून जायला दुसरं घर कुठलं होतं? परत आल्यापासून तिने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आजी आठ वर्षं अंथरुणात होती, तिचं सगळं आत्याने केलं. आई, तुझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. कुळागरातली सुपारी सोलून सोलून तिची बोटं काळी पडली आणि त्या सुपारीतून माझ्या कॉलेजची फी गेली. आज रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे मागायला ती तू एकटी सापडायची वाट बघते. मी स्वतः पाहिलंय. ती न्हाणीच्या दारात उभी असते.

आपल्या घरात कुणी कुणाला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. म्हणून ‘शोषण’ हा शब्द मला कायम दुसऱ्यांच्या घरातला वाटायचा. आता तो आपल्या माजघरात दिसतो आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांत मी पहिला आहे.

म्हणून मागणं एवढंच, पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि ओहोळाकडचा कुळागराचा तुकडा आत्याच्या नावावर करूया. मिळकत तुम्हा दोघांची सामाईक आहे, म्हणून आई, तुझीही सही लागेल. ताईशी बोललो. आमची दोघांचीही संमती आहे. ताईकडून मी कधीही हक्कसोड मागणार नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

बाबा, उपकार केल्यासारखं तिला सांगू नका. आधी तिला विचारा. ती कदाचित ओहोळाकडचा तुकडा नको म्हणेल, विहिरीजवळचा हवा म्हणेल. मागेल तोच द्या.

शनिवारी सकाळच्या कदंबा बसने येतो. आजोबांच्या ट्रंकेतले कागद काढून ठेवा. आत्याचा चष्मा दुरुस्तीला दिला होता, तो मी येताना घेऊन येईन. या वेळी कागद तिला स्वतः वाचता यायला हवा.

तुमचा,
बाब