वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला?

महोदय,

नव्या यंत्राची ओळख करून देताना ते किती वेळ वाचवते, हे वर्तमानपत्रांत आवर्जून छापले जाते. तो वाचलेला वेळ घरातल्या कुणाच्या वाट्याला आला, हे मात्र वाचायला मिळत नाही. शोधांमुळे नाती कशी बदलली हे समजून घ्यायचे तर मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वॉशिंग मशीनचेच घ्या. कपडे आपटण्या-पिळण्याचे कष्ट त्याने संपवले, याबद्दल दुमत नाही. पण अमेरिकेतील गृहिणींच्या कामाचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ जोआन वानेक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की बाहेर नोकरी न करणाऱ्या स्त्रिया १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास. मधल्या काळात वीज, नळ, मशीन सगळे घरात आले होते! झाले असे, की धुणे सोपे झाल्यावर एकदा अंगात घातलेला सदराही मळका ठरू लागला. शिवाय मशीन फक्त धुते. खिसे तपासणे, रंग जाणारे कपडे बाजूला काढणे, वाळत घालणे, घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणे हे आजही बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडते. ‘मशीन आहे ना’ म्हणून बाकीचे मोकळे. पूर्वी निदान तिचे कष्ट दिसत तरी होते.

संदेशांचेही तेच. पत्राच्या उत्तराला आठवडा लागला तरी कुणी रुसत नसे. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि वाचूनही तासभर गप्प राहणे हा अपमान ठरला. त्यावरून जिवलग मैत्रिणींत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

सगळेच शोध असे नाहीत. सायकलमुळे स्त्रीला कुणाच्या सोबतीवाचून घराबाहेर पडता आले. स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलने जगातल्या इतर कशाहीपेक्षा अधिक केले, असे अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी १८९६ मध्ये म्हणाल्या होत्या. कुठे जायचे आणि कधी परतायचे, हे सायकलस्वार स्वतः ठरवते. मोबाइलच्या बाबतीत आपला वेळ दुसरेच ठरवू लागले आहेत.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाची वेळ संपल्यावर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. घरात त्यासाठी कायदा नको. घड्या कुणी घालायच्या आणि रात्री फोन कधी बाजूला ठेवायचा, हे सर्वांनी एकदा बसून ठरवता येईल.

आपल्या विज्ञानविषयक पानावर नव्या उपकरणाची माहिती देताना, ते वापरल्यावर घरात कुणाचे काम घटले आणि कुणाचे वाढले, हेही वापरणाऱ्यांना विचारून छापावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक