रविवारच्या बैठकीची सूचना : ‘बनगरवाडी’

सर्व सदस्यांना नमस्कार. रविवारी सकाळी साडेदहाला नेहमीच्या खोलीत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीवर (१९५५) चर्चा आहे. पुस्तक एव्हाना वाचून झालं असेल असं धरतो.

या वेळी कथानक सांगण्यात वेळ घालवायचा नाही. प्रश्न एकच : कादंबरीचं आशयसूत्र काय, म्हणजे ती एकूण काय म्हणते? ‘ग्रामीण जीवनाचं चित्रण’ हेही उत्तर चालणार नाही. ते पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायाचं उत्तर झालं. आशयसूत्र एका शब्दात सांगता येत नाही, ते विधान असावं लागतं. उदाहरणार्थ : ‘माणसांनी एकीनं उभं केलेलं गावसुद्धा शेवटी पावसाच्या मर्जीवर असतं.’ हे पटतं का? मग तालमीचा भाग पुन्हा वाचा. मास्तरच्या पुढाकारानं अख्खी वाडी राबते आणि तालीम उभी राहते. नंतर दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. मग त्या खटपटीला अर्थ उरला की नाही? माझ्या मते कादंबरीचा जीव या प्रश्नात आहे, पण यावर भांडायला तयार होऊन या.

शेकूची बायको जुवाला खांदा देते तो प्रसंगही पाहून ठेवा. लेखक तिथे हळहळत नाही, नुसतं दाखवतो. निवेदनाचा हा कोरडेपणा आशयाचाच भाग आहे का, यावर बोलू.

प्रत्येकानं आशयसूत्राचं आपलं एक वाक्य आणि त्याला आधार देणारे दोन उतारे पृष्ठक्रमांकांसह आणावेत. आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून प्रकरणाचा आरंभही टिपून ठेवा. वाचनालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती शुक्रवारपर्यंत परत करावी, दोघे जण थांबलेत.